पाताळातील ओल आणि कोरडा कातळ

विहीर खणताना पाणी लागले की झरा फुटला असे आपण म्हणतो. तो झरा फार तर शेदोनशे हातांवरचा. पण त्याच्या कितीतरी खाली, वीस-पंचवीस किलोमीटरांवर, पर्वत घडत असताना कातळ लालबुंद होण्याइतका तापतो, तेथे पाणी असते काय? असल्यास ते खडकाचे काय करते? या प्रश्नाचा आपण येथे विचार करणार आहोत.

तेथे जाऊन पाहण्याची सोय नाही. कोला द्वीपकल्पावर सोव्हिएत रशियाने १९७० साली सुरू केलेले विंधन १९८९ साली १२,२६२ मीटरांवर पोहोचले; त्याहून खोल ते गेले नाही. जर्मनीतले विंधन १९९४ साली ९,१०१ मीटरांवर थांबले. तेथे तळाशी सुमारे २६५ अंश सेल्सिअस उष्णता होती, आणि कित्येक किलोमीटर खोलीवरही भेगांतून खारट पाणी मिळाले. यापुढचे काम निसर्गानेच करून ठेवले आहे. कोट्यवधी वर्षांच्या झिजेने वरचे थर वाहून गेले, की एकेकाळी खोल असलेला खडक उघडा पडतो. दक्षिण भारतात असा खडक विपुल आहे.

त्याच्या नावाची कथा मौजेची आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नोक याची कबर कलकत्त्यास आहे. तिच्यावरचा दगड मद्रासकडून आणलेला. थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने १८९३ साली तो तपासला आणि त्या जातीच्या खडकाला चार्नोकाइट हे नाव दिले. काळपट हिरवा, तेलकट झाक असलेला हा खडक निलगिरीत व शेवरॉय टेकड्यांत भरपूर आढळतो. त्याचे वैशिष्ट्य एकच ध्यानात ठेवावे: त्यात पाणी जवळजवळ नाही.

'दगडात पाणी कुठले?' असे कोणी विचारील. पण अभ्रकाच्या स्फटिकात पाण्याचे घटक बांधलेले असतात. अभ्रक पुरेसे तापवले की ते पाणी होऊन बाहेर पडतात. काळे अभ्रक आणि गारगोटी एकत्र तापली की त्यांच्यापासून पायरोक्सीन व फेल्स्पार ही दोन कोरडी खनिजे तयार होतात आणि पाणी सुटते. चार्नोकाइट घडतो तो मुख्यत्वे या क्रियेने.

बंगळूरच्या नैर्ऋत्येस कब्बालदुर्ग नावाचे ठिकाण आहे. तेथील खाणीत करड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या खडकात मध्येच काळपट हिरवे डाग आणि शिरा दिसतात. हे डाग म्हणजे चार्नोकाइट. जेथे डाग आहे तेथे मूळचे पट्टे पुसट होत जातात. सी. एस. पिच्चमुत्तु यांनी १९६० साली दाखवून दिले, की येथे एका खडकाचा दुसरा खडक होता होता ती क्रिया अर्ध्यावर थांबलेली आहे. ही घटना सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा उष्णता सुमारे साडेसातशे अंश होती, आणि दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा हजार पट.

आता खरी अडचण येते. खाणीत हातभर अंतरावरच्या दोन खडकांना उष्णता सारखीच मिळाली, दाबही सारखाच. मग एक कोरडा झाला आणि दुसरा का नाही?

रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. श्रावणात धुणे दिवसभर वाळत नाही, कारण हवाच ओलीने भरलेली असते. तितक्याच उष्ण पण कोरड्या वाऱ्यात तेच धुणे तासाभरात वाळते. खडकाचेही तसेच आहे. भोवतीच्या द्रायूत, म्हणजे वाहू शकणाऱ्या द्रव-वायूंच्या मिश्रणात, पाण्याचे प्रमाण कमी असेल तर अभ्रकातले पाणी कमी उष्णतेलाही सुटते. तेव्हा भेगांतून असा 'कोरडा वारा' शिरला असला पाहिजे.

तो वारा कोणता? नॉर्वेतील खडकांचा अभ्यास करताना जाक तुरे यांना १९७१ च्या सुमारास त्याचा माग लागला. स्फटिक वाढताना भोवतालच्या द्रायूचे थेंब त्यात अडकून राहतात. केसाच्या जाडीहूनही ते लहान असतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा थेंब गोठवला आणि तो पुन्हा उणे ५६.६ अंशांना वितळला, तर तो शुद्ध कार्बन डायऑक्साइड समजावा. कमी तापलेल्या खडकांत पाण्याचे थेंब, आणि अतितप्त खडकांत या वायूचे, असे तुरे यांना दिसले. खोलवरच्या दाबाखाली हा वायू जवळजवळ पाण्याइतका दाट होतो. दक्षिण भारतातील चार्नोकाइटांतही तो सापडला.

पण येथेच वाद मिटला नाही. काहींचे म्हणणे असे, की खडक थोडासा वितळला, त्या रसाने पाणी शोषून घेतले आणि रस वर निघून गेल्यावर कोरडा गाळ उरला. दुसरी शंका थेंबांविषयी: ते मागाहून शिरले नसतील कशावरून, किंवा त्यातले पाणी झिरपून गेले नसेल कशावरून? तिसरे मत तीव्र खारट पाण्याचे. लोणच्याच्या बरणीत ओल असते, तरी बुरशी धरत नाही, कारण मीठ पाण्याला मोकळे राहू देत नाही. तसेच मिठाने जड झालेले पाणी खडक सुकवू शकते. शिवाय ते पोटॅशियमसारखी द्रव्ये विरघळवून वाहून नेते. मिठाचे स्फटिक असलेले थेंबही अशा खडकांत मिळाले आहेत. आमच्या मते प्रत्येक ठिकाणाचा निवाडा तेथल्या खडकावरूनच करावा. कब्बालदुर्गास भेगांच्या वाटेने आलेल्या द्रायूचा पुरावा बलवत्तर दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. कोरडा खडक ओल्यापेक्षा पुष्कळ ताठ असतो आणि सहजी वितळत नाही. त्यातच युरेनियम-थोरियमसारखी उष्णता देणारी द्रव्ये रसाबरोबर वा द्रायूबरोबर वर निघून गेली, तर खंडाचा पाया हळूहळू थंड आणि मजबूत होतो. अब्जावधी वर्षे टिकलेल्या भूमीवर आपण घरे बांधली आहेत. तिचा पाया कसा पक्का झाला, याचे उत्तर या बारीक थेंबांत शोधावे लागते.