फेब्रुवारीतले शंभर रुपये

"फक्त एक चेकबॉक्स हवाय, दोन तासांचं काम आहे." बेंगळुरूत सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. आणि गंमत म्हणजे ते खरंही असतं. लिहायला दोनच तास लागतात, खर्च त्यानंतर सुरू होतो.

पगाराचं सॉफ्टवेअर घ्या. महाराष्ट्रात ठराविक पगाराच्या वर व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत मात्र ३००. घटनेच्या कलम २७६ प्रमाणे वर्षाची मर्यादा २,५०० रुपये आहे, ती अशी पुरी भरते. कर्नाटकात बारा महिने २०० च होते. ग्राहक म्हणाला, फेब्रुवारीत शंभर वाढवा. टाकला चेकबॉक्स. आता पुण्याचा माणूस जानेवारीत बेंगळुरूला बदलून आला तर? त्यात एप्रिल २०२५ पासून कर्नाटकानेही फेब्रुवारीचे ३०० केले. म्हणजे जुन्या पगारपत्रकांना जुना नियम, नव्यांना नवा, आणि दर आवृत्तीला दोन्ही तपासा. इथे चेकबॉक्स नकोच होता. राज्य, महिना, रक्कम, कधीपासून लागू, असा साधा तक्ता हवा होता.

असे १० चेकबॉक्स झाले की १,०२४ जुळण्या होतात, २० झाले की दहा लाखांच्या वर. सगळ्या कुणी तपासत नाही. मीही नाही.

म्हणून सरसकट 'नाही' म्हणायचं का? मागणाऱ्याची अडचण खरी असते हो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बघा. हिशेब आणि मालसाठा या गाभ्याभोवती शिक्षण, दवाखाना, शेती असे भाग जमत गेले. २०२२ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीत ते गाभ्यातून काढून वेगळे केले, पगाराचा भागसुद्धा. दवाखानावाल्याने आपलं ॲप बसवावं, दुकानदाराला त्याचं ओझं नाही. अर्थात हेही फुकट नाही. गाभा बदलला की बाहेरची ॲप चालतात ना, हे बघावंच लागतं, आणि सांभाळणारा नसलेलं ॲप मागे पडतं.

माझ्याकडे मागणी आली की मी आधी विचारतो, आत्ता हे काम कसं भागवता? एक्सेलमध्ये महिन्याला दहा मिनिटं जात असतील तर राहू दे. दर महिन्याला कुणाचा तरी पगार चुकत असेल तर ते आधी घेतो. पगारपत्रकावर लोगो डावीकडे की उजवीकडे, हा चेकबॉक्स मात्र माझ्याकडून मिळणार नाही.