रंगभवनात रॉक वाजायचं, मग ते बंद का झालं?

२६/११ च्या बातम्यांत 'रंगभवन लेन' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर याच गल्लीत शहीद झाले. पण ज्या रंगभवनावरून गल्लीला हे नाव पडलं, ते काय होतं?

तर ते होतं धोबीतलावचं खुलं नाट्यगृह. गिरगावातून चालत जाता येईल इतकं जवळ. १९७८ मध्ये पहिली 'जॅझ यात्रा' इथे भरली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवाचंही हे बरीच वर्षं घर होतं.

इथे वाजवायचं कोण?

सगळ्यात गाजलेलं नाव 'रॉक मशीन'. १९८४ मध्ये मुंबईत जमलेला हा बँड. गिटारवर महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल. तेव्हा बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवायचे. यांनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, १९९७ मध्ये बँड फुटला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला.

बँड परत आला, पण रंगभवनातले कॉन्सर्ट तोवर बंद झाले होते.

बंद का झाले?

कारण आहे ध्वनिप्रदूषण नियम, २०००. त्यानुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आता रंगभवनाचे शेजारी बघा: सेंट झेवियर्स कॉलेज, कामा हॉस्पिटल आणि जवळच किल्ला कोर्ट.

मग रात्री १० च्या आत संपवायचं ना?

तरी जमत नाही. शांतता क्षेत्रात दिवसाही मर्यादा ५० डेसिबल आहे, रात्री ४०. रॉक कॉन्सर्टमध्ये स्टेजजवळ आवाज सहज १०० च्या वर जातो. आणि डेसिबलचं गणित साधं नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा १० पट होते. म्हणजे १०० डेसिबल हे ५० च्या दुप्पट नाहीत, ऊर्जेच्या हिशोबात १ लाख पट आहेत! अंतराबरोबर आवाज उतरतो, पण छतच नसलेल्या थिएटरमधून तो शेजारच्या वॉर्डात पोहोचणारच.

गणपतीत मग मध्यरात्रीपर्यंत कसं चालतं?

सण आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत लाऊडस्पीकरला परवानगी देऊ शकतं. ही सूट वेळेची आहे, आवाजाच्या मर्यादेची नाही.

मग रॉक गेलं कुठे?

एक वाट गिरणगावात गेली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं, तेही २०१६ मध्ये बंद पडलं. मोठे शो महालक्ष्मी रेसकोर्स आणि बीकेसीच्या मैदानांवर गेले. पण क्लबमध्ये खाण्यापिण्याचं बिल आलं आणि मैदान भाड्याने घेणं नवख्या बँडच्या खिशाबाहेरचं.

रंगभवनाच्या जागेवर मराठी भाषा भवन उभारायचंही ठरलं होतं. ते पुढे चर्नी रोडला हललं आणि २०२२ च्या गुढीपाडव्याला तिथे भूमिपूजन झालं.

कामा हॉस्पिटलमधल्या बाळंतिणीला शांत झोप मिळायलाच हवी, यावर वाद नाही. पण कॉलेजच्या पोरांना मोठ्या स्टेजवर उभं राहता येईल अशी मधल्या आकाराची, परवडणारी जागा दक्षिण मुंबईत कुठे आहे? रंगभवन बंद झालं तेव्हा तिची सोय कुणीच केली नाही.