एकटा पडलेला कुत्रा आणि एक लॅटिन क्रियापद

मुलांनो, घराला कुलूप लावून सगळे बाहेर गेले की आत राहिलेला कुत्रा कसा ओरडतो, ऐकलंय ना? ते भुंकणं नव्हेच. मान वर करून, लांब हेल काढून तो अक्षरशः रडतो. जुन्या रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत या रडण्यासाठी एक क्रियापद होतं : 'बाउबारी'.

मोठ्यानं म्हणून बघा. 'बाउ बाउ' ऐकू आलं? शब्द थेट कुत्र्याच्या तोंडूनच उचललाय! इटलीतली मुलं आजही कुत्र्याच्या आवाजाला 'बाउ बाउ' म्हणतात. साध्या भुंकण्याला मात्र रोमन लोक 'लात्रारे' म्हणायचे.

आता व्याकरणाची गंमत. 'लात्रन्त' म्हणजे 'ते भुंकतात'. त्याला शेवटी 'उर' जोडलं, की 'लात्रन्तुर' : 'त्यांच्यावर भुंकलं जातं'. मग 'बाउबन्तुर' म्हणजे 'त्यांना रडवलं जातं' का? मुळीच नाही! 'ते रडतात', एवढंच. रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. लॅटिनमध्ये अशी पुष्कळ क्रियापदं आहेत आणि संस्कृतातल्या आत्मनेपदाशी त्यांचं जुनं नातं आहे. 'वन्दे मातरम्'मधलं 'वन्दे' आत्मनेपदीच आहे, बरं का!

हे क्रियापद फार क्वचित सापडतं. ते वापरलं ल्युक्रिशिअस या रोमन कवीनं, 2000 वर्षांहून आधी. 'विश्वाचं स्वरूप' सांगणाऱ्या त्याच्या लांबलचक काव्याचे 6 भाग आहेत. पाचव्या भागात तो विचारतो, माणसाला भाषा आली कुठून? कुणा एकानं सगळ्या वस्तूंची नावं ठरवली आणि इतरांना शिकवली, हे त्याला अजिबात पटत नाही. म्हणून तो ग्रीसकडच्या धिप्पाड मोलोशियन कुत्र्यांकडे बोट दाखवतो. चिडली की ती दात विचकून गुरगुरतात. पिल्लांना चाटताना, लुटूपुटूचं चावताना त्यांचा आवाज लाडिक होतो. घरात एकटी राहिली की 'बाउबन्तुर', आणि मार चुकवताना कण्हतात. मुक्या जनावरांना प्रत्येक भावनेचा वेगळा आवाज असेल, तर माणसानं वेगवेगळ्या वस्तूंसाठी वेगवेगळे आवाज काढले, यात नवल काय? केवढा साधा आणि केवढा सुंदर विचार!

तुम्हीही ओळखीच्या एखाद्या कुत्र्याकडे आठवडाभर कान द्या. तो कधी कोणता आवाज काढतो ते वहीत लिहा, आणि मराठीत प्रत्येक आवाजाला क्रियापद आहे का तेही शोधा. नसेल, तर खुशाल नवं बनवा!