शाळांचं सामायिक डिजिटल साहित्य: हक्क कुणाचा, वापर कुणाचा?

आज आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाईंनी अपूर्णांकांवर छान कार्यपत्रिका तयार केली. दुसऱ्या तालुक्यातल्या गुरुजींना ती वापरायची आहे, दोन उदाहरणं बदलायचीही आहेत. परवानगी कुणाची घ्यायची?

सध्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे: कुणाचीच नाही! फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पुढे जाते, वाटेत बाईंचं नाव गळून पडतं. काम भागतं, हे खरं. पण तीच पत्रिका संकेतस्थळावर ठेवायची किंवा पुस्तिकेत छापायची म्हटली की सगळे थबकतात. त्यातली चित्रं कुठून आली, हे कुणालाच सांगता येत नाही. मग चांगलं साहित्य तिथेच अडकतं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात कलम ५२ हे अपवादांचं कलम आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा, हा त्यानुसार हक्कभंग ठरत नाही. या 'ओघात' शब्दाचा अर्थ किती रुंद? ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाविरुद्ध दावा लावला, तेव्हा हाच मुद्दा होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की शिकवणं म्हणजे केवळ वर्गातला तास नव्हे. तयारीपासून परीक्षेपर्यंतची सगळी प्रक्रिया त्यात येते. खंडपीठानेही हा अर्थ मान्य केला, मात्र शिकवण्याच्या हेतूला गरजेचं असेल तेवढंच घ्यायचं, ही कसोटी ठेवली.

म्हणजे वर्गापुरती आपल्याला बरीच मोकळीक आहे. पण तेच साहित्य सगळ्या जगासाठी खुलं करणं ही वेगळी गोष्ट आहे. वर्गासाठीची सूट तिथेही चालेल, असं धरून चालता येत नाही. सामायिक साहित्याला धोरण लागतं ते यासाठी.

दुसरा मुद्दा मालकीचा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे नोकरी देणाऱ्याकडे जातो. आता बाईंनी रविवारी घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर केलेली पत्रिका नोकरीचा भाग म्हणायची का? यावर वाद होऊ शकतो. म्हणून ते आधीच लिहून ठेवलेलं बरं. मालकी कुणाचीही ठरो, कलम ५७ प्रमाणे 'हे मी केलं आहे' असं सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. बाईंचं नाव राखणं हा नुसता सौजन्याचा भाग नाही.

आता परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्स हे तयार परवान्यांचे संच आहेत. 'बाय' म्हणजे नाव द्या, बाकी मोकळं. 'बाय-एसए' म्हणजे नाव द्या आणि बदललेली आवृत्तीही त्याच अटीवर खुली ठेवा. केंद्र सरकारच्या २०१३ सालच्या मुक्त शैक्षणिक साहित्य भांडाराने हाच मार्ग धरला. 'एनडी' असेल तर मात्र बदललेली आवृत्ती इतरांना देता येत नाही. कागदावर ही अट निरुपद्रवी दिसते. पण मेळघाटातल्या शिक्षकाला तीच गोष्ट कोरकूत करून शेजारच्या शाळांना द्यायची असेल, तर त्याचा रस्ता इथेच बंद होतो. ज्या मुलांसाठी तयार साहित्य सर्वांत कमी, त्यांनाच या अटीचा फटका बसतो.

काही साहित्य तर परवान्याशिवायच खुलं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले; म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांची आहे. पण नव्या आवृत्तीतली चित्रं, कुणी अलीकडे केलेलं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात, हे विसरू नका.

मग शाळेच्या किंवा केंद्राच्या धोरणात काय असावं? एका पानात मावेल एवढंच:

१. शिक्षकांनी केलेल्या साहित्याची मालकी कुणाची, आणि ते कोणत्या परवान्याने खुलं होणार.
२. प्रत्येक फाइलच्या तळाशी कर्त्याचं नाव, वर्ष आणि परवाना.
३. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक चित्राचा, उताऱ्याचा स्रोत. स्रोत सापडत नसेल तर ते चित्र बदलायचं.
४. पीडीएफसोबत संपादन करता येईल अशी मूळ फाइल, तीही युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधला मजकूर परवाना असूनही दुसऱ्याच्या संगणकावर वाचता येत नाही.
५. मुलांचे फोटो, आवाज किंवा नाव असेल तर पालकांची लेखी संमती. हा प्रश्न कॉपीराइटचा नाही, मुलांच्या खासगीपणाचा आहे.

हे जमलं, तर बाईंची बदली झाल्यावरही त्यांची पत्रिका शाळेत राहील, दुसरीकडे सुधारून वापरली जाईल आणि तिच्यावर त्यांचं नावही असेल. इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.