खेळाचा संगणक शांत कसा राहील?

मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत अभ्यासाची, निजण्याची आणि खेळण्याची खोली एकच असते. अशा घरांत मुलासाठीं खेळाचा संगणक घ्यावयाचा ठरला म्हणजे त्याचा वेग किती, चित्र कसें दिसतें आणि रक्कम किती पडते, याची चौकशी कसून होते. तो आवाज किती करील हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. पुढें रात्रीं दहानंतर खेळ रंगांत येतो, यंत्र घोंघावूं लागतें, तें ऐकूं येऊं नये म्हणून खेळणारा हेडफोनचा आवाज वाढवितो, आणि पलीकडे आजोबा कूस बदलीत राहतात. आजोबांच्या झोपेची काळजी घरांत होते. पण एक घोष दाबण्यासाठीं कानांत ओतलेला दुसरा घोष तासन्‌तास चालला, तर त्यानें श्रवणशक्तीस कायमची इजा होऊं शकते, हें अधिक काळजीचें आहे.

हा घोष पंख्यांचा, आणि पंखे धांवतात ते उष्णता बाहेर काढण्यासाठीं. संगणक जेवढी वीज घेतो तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. २०२३ सालीं निघालेलें आरटीएक्स ४०७० हें ग्राफिक्स कार्ड उदाहरणादाखल घेऊं. तें २०० वॉट वीज खातें. त्याच वर्षींचा रायझेन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर १२० वॉटांच्या वर्गांतला खरा, पण खेळ चालू असतां तो याहून बरीच कमी वीज घेतो. म्हणजे उष्णतेचा मोठा वांटा ग्राफिक्स कार्डाचा. आणि लोक मात्र सारा पैसा प्रोसेसरच्या कूलरवर खर्च करतात!

पंख्याचा एक नियम येथें फार उपयोगी पडतो. पंख्याचे फेरे निम्मे केले तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबेलांनीं उतरतो. १० डेसिबेल उतरले कीं कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. यावरून १५ डेसिबेलांची किंमत कळेल. उलट, एका पंख्याशेजारीं तसाच दुसरा लावला तर आवाज वाढतो अवघ्या ३ डेसिबेलांनीं. तेव्हां एक पंखा पळविण्याऐवजीं दोन पंखे निम्म्या वेगानें चालविले, तर वारा जवळजवळ तेवढाच मिळून आवाज सुमारें १२ डेसिबेलांनीं घटतो. पंखा मोठाहि असावा. १२० मिलिमीटरऐवजीं १४० मिलिमीटरचा घेतला तर चौकटीचें क्षेत्र एक-तृतीयांशाहून अधिक वाढतें, आणि तेंच काम कमी फेऱ्यांत होतें.

प्रोसेसरसाठीं हवेचा कूलर घ्यावा कीं पाण्याचा, हा प्रश्न दुकानांत हटकून निघतो. हवेच्या कूलरला जुनाट समजण्याची एक फॅशनच आहे. वस्तुतः त्याच्या आंत मोठी सुंदर योजना असते. हीटपाइप या तांब्याच्या बंद नळींतली हवा काढून थोडेंसें पाणी ठेवलेलें असतें. दाब कमी असल्यामुळें तें थोड्या उष्णतेनेंहि वाफ होतें. वाफ थंड टोकाकडे धांवते, तेथें पातळ पत्र्यांच्या चळतीला उष्णता देऊन पुन्हां पाणी होते, आणि दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें तें पाणी नळीच्या आंतील सच्छिद्र अस्तरांतून मूळ जागीं परततें. अमेरिकेंत लॉस अलामॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं ही नळी सिद्ध करून दाखविली. तिला पंप नाहीं, म्हणून आवाजहि नाहीं.

पाण्याच्या कूलरला पंप लागतो आणि पंखेहि लागतातच. पंप कितीहि चांगला असला तरी त्याची बारीक घरघर शांत खोलींत जाणवते, आणि केव्हां तरी तो झिजतो. अतिशय तापणाऱ्या प्रोसेसरसाठीं त्याला जागा आहे; वर सांगितलेल्या प्रोसेसरला थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई यासारखा दोन पंख्यांचा हवेचा कूलर पुरे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ त्याहून मोठा, पण त्याची उंची १६५ मिलिमीटर; कॅबिनेटाचें दार लागेल कीं नाहीं तें आधीं मोजून पाहावें. पाण्यानें खोली थंड राहते ही समजूत तर अगदींच निराधार. २५०-३०० वॉटांची उष्णता अखेर त्याच खोलींत येऊन पडते.

कॅबिनेट निवडतांना चुका फार होतात. समोर कांच आणि दिव्यांची रोषणाई असलेलीं कॅबिनेटें दिसतात छान, पण त्यांत हवा शिरावी कोठून? चहूंबाजूंनीं फोम लावून बंद केलेलें ‘सायलेंट’ कॅबिनेटहि पुष्कळदां फसवें ठरतें, कारण कोंडलेल्या उष्णतेमुळें पंखे अधिकच धांवूं लागतात. समोर जाळी, तिच्यामागें १४० मिलिमीटरचे दोन संथ पंखे आणि पाठीमागें एक, ही साधी मांडणी उत्तम. जाळीवर आपल्याकडे धूळ लवकर बसते, म्हणून ती महिन्याकाठीं झाडावी.

मग मुलें पडद्यावर अंश मोजूं लागतात. नागपुरास मे महिन्यांत खोलीच ३७ अंशांवर असेल, तर २७ अंशांच्या खोलींत ६८ अंशांवर राहणारा प्रोसेसर ७८च्या आसपास जाणारच. या प्रोसेसरची मर्यादा ८९ अंशांची आहे. ७८ हा आंकडा त्याच्या आंतलाच. तो ६०वर आणण्याचा हट्ट धरला कीं पंखे किंचाळूं लागतात.

खरी शांतता उगमाशींच मिळते, आणि तिला पैसा लागत नाहीं. २०० वॉटांच्या कार्डाला १६० वॉटांची मर्यादा घातली तर त्याची उष्णता पांचवा हिस्सा घटते. वेग मात्र तेवढा घटत नाहीं, कारण वरच्या टोकाला थोड्या वेगासाठीं पुष्कळ वीज जळते. पडदा सेकंदाला ६० चित्रें दाखविणारा असेल, तर कार्डाला २०० काढावयास लावण्यांत घरच्या खेळापुरता अर्थ नाहीं. स्पर्धेंतल्या खेळाडूंची गोष्ट निराळी. त्याचप्रमाणें पंख्याचा वेग क्षणोक्षणीं बदलूं देऊं नये. कान एकसारख्या आवाजाला सरावतो, चढउताराला सरावत नाहीं. वेग बदलण्यापूर्वीं कांहीं सेकंद थांबण्याची सोय पुष्कळ मदरबोर्डांच्या सेटिंगांत असते.

एक आवाज मात्र कोणत्याहि पंख्यानें जात नाहीं. कांहीं कार्डांतील तारेचीं वेटोळीं विजेच्या झपाट्यानें थरथरतात आणि रातकिड्यासारखी किरकिर करतात. सेकंदाचीं चित्रें कमी केलीं तर ती पुष्कळदां मंदावते. पण एकाच जातीच्या दोन कार्डांतहि फरक असतो, म्हणून परतीची बोली दुकानदाराशीं आधींच करून घ्यावी.