उमेदवारीचे वर्ष हे पेरणीचे वर्ष



दहावीचा निकाल लागला की बियाण्याची चौकशी करायला आमच्या कचेरीत आलेला शेतकरी जाता जाता आणखी एक चौकशी करतो. "साहेब, पोराचं काय करावं?" जमीन तीन एकर, वाटेकरी दोन भाऊ, पाऊस बेभरवशाचा. पोरगा हुशार आहे, पण पुस्तकात रमत नाही. पंपाचे इंजिन बिघडले की जेवण सोडून त्याच्यापाशी बसतो. अशा पोराचे काय करावे, याबद्दल आज बोलू. मी शेतीखात्यातला माणूस. हा विषय माझा नव्हे. तरी तो घेतला, कारण याच बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीचे एक शेतकरी एक कागद घेऊन आले. मुलगा आय.टी.आय. झाला होता आणि मुंबईकडच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड झाली होती. मी विद्यावेतनाचा आकडा पाहिला आणि हसलो. म्हणालो, "एवढ्या पैशांत मुंबईत खोलीचं भाडंही भागायचं नाही. स्वस्तात राबवून घेतील. त्यापेक्षा कॉलेजात घाला." साहेबांचा शब्द म्हणून त्यांनी मानला. मुलाचे बी.ए. अर्ध्यावर सुटले. आज तो दुसऱ्याचा टेंपो चालवतो. भाडे मिळाले तर दिवस, नाही तर खाडा.

त्याच वर्षी माझ्या बहिणीलाही मी हाच सल्ला दिला. तिने तो ऐकला नाही. माण तालुक्यातले तिचे घर, दुष्काळ पाचवीला पुजलेला. तिचा मुलगा जोडारीचे, म्हणजे फिटरचे काम शिकलेला. त्याचे चुलते दहिसरला चाळीत राहात. बहिणीने पिशवीत भाकरी-चटणी बांधली आणि पोराला गाडीत बसवून दिले.

दहिसर ते कांदिवली

दहिसर हे मुंबईचे उत्तरेकडचे टोक. १९५७ साली ते बृहन्मुंबईत आले. त्यापूर्वी तेथे आपल्यासारखीच भातखाचरे आणि भाजीचे मळे होते. आता मेट्रो धावते, पण मोठ्या इमारतींच्या आडोशाला लहान कारखान्यांचे गाळे अजून आहेत. लोकलने दक्षिणेकडे निघाले की पहिले बोरिवली, दुसरे कांदिवली. आपल्यापैकी अनेकांच्या बांधावर उभा असलेला महिंद्राचा ट्रॅक्टर याच कांदिवलीचा. १९६३ साली तेथे इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली, तिचे बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या मंडळींना आठवत असतील. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली.

भाच्याला याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात उमेदवारी मिळाली होती. दिवाळीला मी दहिसरला गेलो, तेव्हा तो हिरमुसला होता. "मामा, तीन महिने झाले, मशीनला हात लावू देत नाहीत. नुसतं माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं." मला मनातून बरे वाटले. वाटले, माझेच खरे ठरले.

पण मापाची गोष्ट त्याने सांगितली तसा मी गप्प झालो. आपण वीत आणि हात यांनी मोजतो, सुतार सुतात मोजतो. तेथे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतात. डिझेल पंपात तर दट्ट्या आणि नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. ती वाढली की डिझेलचा दाब राहात नाही, इंजिन धूर ओकते आणि ऐन नांगरटीत ट्रॅक्टर उभा राहतो. चुकीचे माप कोणते हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती यंत्र देऊन काय उपयोग? पूर्वी गावच्या लोहाराकडे पोरगा आधी भाता ओढायला बसे. घणाला हात लागायला वर्ष जाई. नीट पाहिले तर रीत तीच.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. सुरुवातीला तो कारागिरी शिकणाऱ्यांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकावाले अभियंतेही त्यात आले. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ही त्यांची मर्यादा. आय.टी.आय. झालेल्या फिटरची उमेदवारी साधारण एक वर्षाची असते. शेवटी परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. ते देशभर चालते.

२०१९ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे किमान मासिक विद्यावेतन दहावी उत्तीर्णास ६,०००, आय.टी.आय. झालेल्यास ७,०००, पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास ९,००० रुपये होते. २०२५ मध्ये हे दर वाढविण्याची शिफारस झाली. म्हणून सही करण्यापूर्वी चालू दर कोणता, ते विचारून घ्यावे.

आता कडू भाग. उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, शिकणारा आहे. वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. करारात तसे लिहिले असेल तरच ते येते. उलट कामाच्या जागी इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. आरोग्य आणि सुरक्षेचे नियम त्यालाही लागू आहेत. नगावर मजुरी देऊन त्याला राबवून घेता येत नाही. कोणी तसे करीत असेल तर तेथे शिक्षण होत नाही असे समजावे आणि तक्रार करावी. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र आहे. तुमच्या तालुक्याच्या आय.टी.आय.त त्याचा पत्ता मिळेल.

पी हळद नि हो गोरी

भाच्याबरोबर गावाकडचे आणखी दोघे होते, तिघे मिळून एका खोलीत. सातव्या महिन्यात त्यांतल्या एकाला गोदामात माल उचलण्याचे काम मिळाले. पैसे दुपटीहून जास्त. त्याने उमेदवारी सोडली. घरी पैसे धाडले, गावात कौतुक झाले. वर्षाच्या आत गोदाम बंद पडले. हाती ना काम, ना प्रमाणपत्र. करार मध्येच मोडला तर शिकवण्याचा खर्च पालकांकडून मागता येतो, हेही त्याच्या वडिलांना तेव्हाच कळले.

भाच्याचेही सगळे सरळ झाले असे नाही. वर्ष संपले आणि कारखान्याने त्याला ठेवून घेतले नाही. तो महिना बहिणीने कसा काढला ते तिलाच ठाऊक. पण ते प्रमाणपत्र आणि मापांची वही घेऊन तो दहिसरच्या एका गाळ्यात गेला आणि त्याला माल तपासण्याचे काम मिळाले. दोन वर्षे पैसे साठवले. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. तो त्याने घेतला. आज वसईच्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात कनिष्ठ अभियंता आहे. पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही त्याला मोकळी आहे. मशीनला हात लावू देत नाहीत म्हणून जे काम त्याला खुपत होते, त्याच कामावर आज त्याचे घर चालते.

जर्मनीत तर ही रीतच आहे. मुले आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कारखान्यात शिकतात. तीन-साडेतीन वर्षे हे चालते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडेही किर्लोस्करवाडीला १९१० पासून माळरानावर लोखंडी नांगर घडू लागले, ते गावची माणसे हाताशी धरून शिकवल्यामुळेच.

तुम्ही काय करावे

एक, मुंबईचाच हट्ट नको. मुंबईतले कितीतरी कारखाने बाहेर गेले आहेत आणि राहण्याचा खर्च विद्यावेतनात भागत नाही. आधी जवळची औद्योगिक वसाहत पाहा. चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव. घरून डबा नेता आला तर निम्मे जिंकले.

दोन, मध्यस्थाला एक पैसाही देऊ नका. नोंदणी सरकारी आहे, फुकट आहे. पदविका आणि पदवीवाल्यांसाठी मुंबईत शीव येथे शिकाऊ प्रशिक्षण मंडळाची कचेरी आहे.

तीन, करार नोंदलेला आहे ना, मुदत किती, शेवटी परीक्षा आहे ना, हे वाचून मगच सही करा. वाचता येत नसेल तर शाळेच्या गुरुजींकडून वाचून घ्या.

चार, यासाठी जमीन विकू नका. वर्षभर घरून थोडी मदत लागेल. ती बियाण्याच्या खर्चासारखी आधीच बाजूला काढून ठेवा.

पाच, मुलींना मागे ठेवू नका. मापाच्या कामात ताकद लागत नाही, नजर आणि चिकाटी लागते. ती आपल्या लेकींकडे भरपूर आहे.

बंधूंनो, पेरलेले दाणे दुसऱ्या दिवशी उकरून कोणी शेतकरी पाहात नाही. उमेदवारीचे वर्षही तसेच आहे. त्या वर्षी पोराने किती पैसे धाडले हे विचारू नका. या महिन्यात नवे काय शिकलास, ते विचारा. तीन महिने लागोपाठ उत्तर आले नाही, तर मात्र स्वतः जाऊन पाहा.

ज्यांना मी तेव्हा चुकीचा सल्ला दिला, ते शेतकरी आजही कचेरीत येतात. त्यांची धाकटी मुलगी यंदा आय.टी.आय.त दुसऱ्या वर्षाला आहे. कराराचा कागद आला की तो घेऊन माझ्याकडे या, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. या वेळी मी आकडा पाहणार नाही, सगळा कागद वाचणार आहे.