दगडांचे फोटो कशाला?

‘‘काकू, दगडांचे काय फोटो काढताय? वर चला, व्ह्यू मस्त आहे!’’ ग्रुपमधल्या पोरानं तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मी लोहगडाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून कातळाला अगदी नाक लावून बसले होते.

मला व्ह्यू नकोच होता. कारण घरी होतं. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, त्यामुळे समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचं तेवढं कळतं. मागे एकदा राजमाचीहून आल्यावर मी हौसेनं डोंगररांगा, ढग, सूर्यास्त दाखवायला बसले. ‘‘मला सगळं धुकंच दिसतंय गं, उगीच दाखवू नकोस,’’ त्या म्हणाल्या. त्यानंतर ट्रेकचं काही विचारेनाशाच झाल्या. ते मला लागलं होतं.

म्हणून या डिसेंबरात ठरवलं, दूरचं काही टिपायचंच नाही. टॅबवर मोठं करून पडदाभर मावेल तेवढंच.

लोकलनं मळवलीला उतरलो. भाजे गावाबाहेर रस्त्याला लागूनच ऐनाचं झाड भेटलं. साल कशी, तर मगरीची पाठ! सकाळचं तिरपं ऊन बाजूनं पडलेलं, प्रत्येक भेगेत काळीभोर सावली. खरखरीतपणा फोटोत उतरतो तो या सावलीमुळेच. हौसेनं फ्लॅश मारून बघितला, तर मगरीची पार फरशी झाली. दुसरं कळलं ते असं, की मोबाइल सालीला समांतर धरायचा, नाहीतर एक कड स्वच्छ आणि दुसरी पुसट. फार जवळ गेलं तरी पुसट, मग एक पाऊल मागे. आणि प्रत्येक फोटोत मी हातातली एक बांगडी ठेवत गेले. आईंना बांगडी केवढी असते ते ठाऊक आहे ना!

वरचा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही छिद्रं. काहींमध्ये मागाहून पांढरे स्फटिक भरलेत. मला बघताक्षणी काय आठवलं ते मुद्दाम सांगत नाही, आईंनाही सांगायचं नाही असं ठरवलं. (२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी लोहगड एक. रविवारची गर्दी मात्र त्याआधीपासूनची. दोघातिघांना मी वाटेतच तुडवून घेतलं.)

तटाच्या सावलीतल्या भिंतीवर राखाडी, पांढरे, मध्येच केशरी चट्टे होते. दगडफूल! बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. बुरशी घर धरून ठेवते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. आपल्या मसाल्यातलं दगडफूल वेगळं, ते बहुतेक झाडांच्या सालींवरचं, पण भावकी एकच. इथे माझा पाऊण तास गेला.

दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर सगळे दगड सपाट दिसायला लागले. मंडळी विंचूकाट्याकडे गेली, मी डबा खाऊन पडून राहिले.

रात्री टॅब आईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी मान वळवली, डोळ्याच्या कडेनं बघायची त्यांची ती सवय. पहिले दोन फोटो ‘‘काही कळत नाही बाई.’’ माझा जीव खाली गेला. तिसरा कातळाचा.

‘‘अगं, कुणी केला अनारसा? जाळी छान पडलीय.’’

पुढचा फोटो त्यांनी बराच वेळ बघितला. ‘‘दगडफूल. गोड्या मसाल्यासाठी किती वर्षं निवडलंय.’’ मग त्यावर बोट फिरवलं आणि चिडल्याच. ‘‘हे तर गुळगुळीत लागतंय!’’

‘‘काच आहे ना, आई.’’

‘‘मग एखादा दगड का नाही आणलास?’’

‘‘गडावरचा दगड आणायचा नसतो.’’

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘ते मगरीचं झाड कुठे आहे म्हणालीस?’’

‘‘ऐन? भाज्यात, रस्त्याकडेला.’’

‘‘रिक्षा जाते तिथवर?’’

‘‘जाते.’’

‘‘मग आधी मला त्याला हात लावू दे. नंतर काय तुझे दगड काढायचेत ते काढ.’’